शिडाच्या पट्टीचा वाक

उकंडरावांनी बावीस वर्षं धामणगाव बढ्यात डेअरीवर दूध मोजलं. सकाळी घराघरातून केटल्या यायच्या, उकंडराव काचेचा मीटर दुधात सोडायचे आणि कोणत्या घरानं आज किती पाणी घातलं ते एक शब्द न बोलता वहीत मांडायचे. भजनात टाळ कुटणारा असो की सप्त्याला अन्नदान करणारा, सगळ्यांचं पाणी त्यांना तोंडपाठ. आता तुम्हीच सांगा, एवढं बघितल्यावर माणसाचा माणसावर भरवसा कसा राहील? डेअरी पुढं बंद पडली, पण ती नजर काही बंद पडली नाही. घरातला गॅस आठ दिवस आधी संपला तरी त्यांना शेजारच्या घराचा संशय यायचा. बायको पुष्पाबाई म्हणायच्या, या माणसाला स्वर्गात नेलं तरी हा अमृतात मीटर सोडून बघेल.

अशा माणसाच्या पदरी भागीदार आला तो सख्ख्या बहिणीचा नवरा. जीवनराव मूळचे उंद्रीचे. बारा वर्षं कोकणात होड्या दुरुस्त करायच्या यार्डात फायबरचं काम केलं, मग यार्ड बंद पडलं आणि ते बायकोला, म्हणजे छायाला, घेऊन परत आले. हातात कला होती, जागा नव्हती. उकंडरावांच्या मळ्यात पत्र्याची शेड रिकामी पडली होती. छायानं भावाला गळ घातली आणि दोघांनी मिळून फायबरचे खांब करायला घेतले. रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, येऊ नयेत म्हणून शेताला विजेच्या झटक्याचं कुंपण करतात ना, त्याचे खांब. ते बरे खपले. जीवनराव आणि छाया शेडच्या शेजारच्या दोन खोल्यांत राहू लागले.

मग जीवनरावांच्या जुन्या ओळखीतून भलतंच काम आलं. कोकणात होड्यांची शिडं शिवणारा एक कारखाना होता, त्याला शिडात घालायच्या पट्ट्या पाहिजे होत्या. शिडाच्या कापडाला आडवे लांबट खिसे असतात. त्यात फायबरची ही चपटी पट्टी सरकवली की कापड फडफडत नाही, पतंगाला कमान असते तसं ताठ राहतं. पण पट्टी फार कडक झाली तर शीड फुगत नाही आणि फार नरम झाली तर त्याचा लोळागोळा होतो. म्हणून एकेका पट्टीचा कडकपणा मोजायचा आणि सारख्या पट्ट्यांचे संच बांधायचे. गावाला टिंगलीला विषयच मिळाला. नदीला आठ महिने पाण्याचा टिपूस नाही आणि उकंडराव शिडं उभारून राह्यले म्हणे!

मोजायचं काम अर्थातच उकंडरावांचं. दुसऱ्या कोणाला त्यांनी हात लावू दिला नसता. आपल्या घराच्या ओसरीत त्यांनी भिंतीत दोन जाड खिळे ठोकले, एकमेकांपासून बरोबर दोन फुटांवर. पट्टी त्या खिळ्यांवर आडवी टाकायची, मधोमध किलोचं वजन टांगायचं आणि पट्टी किती वाकली ते मागं लावलेल्या फूटपट्टीवर वाचायचं. कोकणातून नमुना म्हणून आलेली पट्टी एकतीस मिलिमीटर वाकत होती. आपली पट्टी एकोणतीस ते तेहेतीसच्या आत बसली की पास. जीवनरावांच्या पट्ट्या तीस, एकतीस, बत्तीस अशा निघायच्या. उकंडराव दर वेळी जरा हिरमुसायचे, कारण पकडायला काही मिळायचं नाही.

दसऱ्याला हत्यारांची पूजा करतात, तशी त्या वर्षी उकंडरावांनी नमुन्याच्या पट्टीचीही केली. हिच्या पायगुणानं काम आलं, असं त्यांचं म्हणणं. ओसरीत मोजणीच्या जागेवरच त्यांनी छोटी फळी ठोकली, पट्टीला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आणि तिला फळीवर बसवलं. छायानं तिच्यापुढं आपट्याची पानं ठेवली. जीवनराव हसून म्हणाले की यार्डात असल्या पट्ट्या आम्ही पायाखाली तुडवत होतो. उकंडरावांना ते बोलणं आवडलं नाही. त्या दिवसापासून नमुना फळीवरून खाली आला नाही. देवाला बसवलेली वस्तू रोज उतरवून तिला वजन कोण टांगणार?

आणि दसरा झाल्यावर पहिल्याच खेपेला पट्टी सदतीस वाकली.

उकंडरावांनी वजन काढलं, पुन्हा टांगलं. सदतीस. दुसरी पट्टी, अडतीस. सबंध गठ्ठा मोजला, एकही छत्तीसच्या आत येईना. दुसरा कोणी असता तर घाबरला असता. उकंडरावांच्या मात्र छातीत एक जुनी ओळखीची कळ उठली. आलं पाणी, ते मनात म्हणाले.

त्यांनी जीवनरावांना विचारलं, माल काऊन नरम पडून राह्यला? जीवनरावांनी पट्टी हातात घेऊन वाकवली, कानाजवळ नेऊन टिचकी मारली, आणि म्हणाले की हाताला तर नेहमीसारखीच लागते. मग एकदा नमुना उतरवून टांगून पाहू, असं त्यांनी सुचवलं. इथंच घोडं अडलं. हा नमुन्यालाच हात का घालतो? उतरवताना पाडील, चीर पाडील, नाहीतर सरळ बदलून टाकील, म्हणजे मोजायला आधारच राहणार नाही. उकंडरावांनी साफ नाही म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी फळीच्या पुढं जाळीचं दार बसवून त्याला कुलूप घातलं.

मग सुरू झाली पाळत. काचेचे धागे ज्यात भिजवून पट्टी करतात त्या रेझिनचा ड्रम शेडमध्ये होता, त्यावर त्यांनी बाहेरून खडूची बारीक खूण केली. रेझिन चोरून विकत असेल तर खूण सांगेल. पण रेझिन कामाला लागायला पाहिजे तेवढंच कमी झालं, थेंबभरही जास्त नाही. एखाद्या सरळ माणसाचा जीव इथं शांत झाला असता. उकंडराव म्हणाले, वा रे गड्या, म्हणजे काढून घेतो आणि वरून काहीतरी पातळ ओततो! दूध आणि रेझिन, फरक तो काय?

जीवनराव दुपारी शेडचं दार आतून लावून घेत, धूळ येऊ नये म्हणून. ते आधीही लावायचे, पण आता उकंडरावांना ते दिसू लागलं. फोन आला की जीवनराव बाहेर लिंबाखाली जाऊन बोलत, कारण पत्र्याखाली रेंज नव्हती. तेही दिसू लागलं. त्यातच रामरावांनी बातमी दिली. रामरावांचं स्टँडवर चहाचं हाटेल, गावातलं काहीही तिथून गाळून पुढं जायचं. ते म्हणाले की तुमचे जवाई, इकडं बहिणीचा नवराही जवाईच, काल मोताळ्यात दिसले, कूलर-टाक्यांना फायबर मारणाऱ्याच्या दुकानात, काखेत पट्टी अन् हातात डबा. उकंडरावांनी नुसता सुस्कारा सोडला आणि कपातला चहा तसाच ठेवून उठले. रामरावांसारख्या माणसाला तेवढं पुष्कळ झालं. संध्याकाळपर्यंत सगळ्या स्टँडला कळलं की उकंडरावांच्या शेडमध्ये घरचाच उंदीर लागला आहे.

पुष्पाबाईंनी घरात तोंड वाजवलं. छायाच्या संसाराला नख लावू नका, एकदा जवायांना समोर बसवून नीट विचारा, असं त्या रोज सांगत होत्या. उकंडराव म्हणाले, चोर कधी कबूल करत असतो का? बावीस वर्षांत एक माणूस दाखव ज्यानं म्हटलं की हो, मी पाणी टाकलं.

भाऊबिजेला छाया ओवाळायला आली. सोबत जीवनराव होते. पुष्पाबाईंनी पाट मांडला, ओसरीत शेजारपाजारचे दोघेतिघे बसलेले होते, रामरावही फराळाला आले होते. छायानं ताट उचललं, निरांजन लावलं. त्याच दिवशी सकाळी उकंडरावांनी नवा गठ्ठा मोजला होता आणि एक पट्टी थेट एकोणचाळीस वाकली होती. ती त्यांच्या घशाशी आलेली होती. पाटावर बसल्या बसल्या त्यांनी जीवनरावांकडं पाहिलं आणि चारचौघांत बोलून गेले.

"जीवनराव, दुधात पाणी टाकणारे लय पाह्यले म्या. तुम्ही रेझिनमधी काय टाकता, तेवढं एकदा सांगून द्या."

छायाचा हात हवेतच थांबला. जीवनरावांचा चेहरा आधी काही कळलंच नाही असा झाला, मग पांढरा पडला. ते म्हणाले की मोताळ्याला मी रेझिन कडक करणारा हार्डनर तपासायला गेलो होतो, माल नरम येतो म्हणता म्हणून माझी झोप उडाली आहे. उकंडराव हसले. ते हसणं फार वाईट होतं, पुष्पाबाईंना ते पुढं कित्येक दिवस आठवत राहिलं. जीवनरावांनी खिशातून शेडची किल्ली काढली, उंबऱ्यावर ठेवली आणि चपला घालून चालू लागले. छायानं मात्र ओवाळणी पुरी केली. भावाला कुंकू लावलं, ताट तीनदा फिरवलं, खाली ठेवलं, आणि भावानं ताटात टाकायला काढलेली साडी न घेता नवऱ्याच्या मागं गेली. तिसऱ्या दिवशी दोन्ही खोल्या रिकाम्या झाल्या. सामान टेंपोत घालून ते उंद्रीला गेले.

आता माल करायचा तर उकंडरावांनाच करायचा होता. पाहून पाहून काम येत होतं. त्यांनी रेझिन मापानं घेतलं, हार्डनर थेंबाथेंबानं मोजला, काचेचा धागा नेहमीपेक्षा चार तार जास्तच घातला. शेडला आतून कडी लावली, म्हणजे कोणी काही टाकायचा प्रश्नच नाही. पट्ट्या सुकल्या, घासल्या, घरी आणल्या. सोमवारी सकाळी पहिली पट्टी खिळ्यांवर टाकून वजन टांगलं.

छत्तीस.

चार तार जास्त घालूनही छत्तीस! उकंडरावांनी घाम पुसला. मग म्हणाले, आता समजलं, रेझिनवाला व्यापारीच भेसळ करते. पुष्पाबाई दारात उभ्या होत्या. त्यांचं डोकं फिरलं. हात धुतले, कुलपाची किल्ली नवऱ्याच्या बंडीच्या खिशातून स्वतः काढून घेतली, जाळी उघडली, फळीपुढं हात जोडले आणि नमुन्याची पट्टी वाळलेल्या हारासकट खाली घेतली. म्हणाल्या, "देव कोपला तर माह्यावर कोपू द्या. टांगा वजन."

हळदकुंकवाची पट्टी खिळ्यांवर गेली. वजन लागलं. उकंडरावांनी आकडा वाचला आणि चष्मा पुसून परत वाचला. सदतीस. कोकणातून आलेला नमुना, ज्याला जीवनरावांचा हातही लागला नव्हता, तोही सदतीस.

मग त्यांनी पहिल्यांदा पट्टी सोडून भिंतीकडं पाहिलं. फळीचा लोखंडी पाय डाव्या खिळ्याच्या जागेवरच येत होता. दसऱ्याला फळी ठोकताना त्यांनीच तो खिळा उपसला होता आणि दोन बोटं पलीकडं ठोकला होता. दोन बोटांनी काय होतं, असं तेव्हा मनातही आलं नव्हतं, हातानं आपोआप काम केलं होतं. त्यांनी टेप लावला. दोन फूट आणि वर दोन बोटं. पट्टीला मधे जागा जास्त मिळाली की ती जास्त वाकणारच, हे शेंबड्या पोरालाही कळेल. फळी उतरवून त्यांनी खिळा जुन्या भोकात बसवला. नमुना एकतीस. मग जीवनरावांनी केलेला, चोरीचा म्हणून बाजूला टाकलेला सगळा गठ्ठा मोजला. तीस, एकतीस, एकतीस, बत्तीस. एकही पट्टी बाहेर गेली नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, इथं तर चोर नव्हताच.

पुष्पाबाई म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता उंद्रीला जा. उकंडराव म्हणाले, जातो. आणि गेले नाहीत.

त्याचं असं झालं, की त्याच दिवशी त्यांनी माल बांधून रामरावांच्या हाटेलासमोरून पार्सलच्या गाडीत चढवला. रामरावांनी विचारलं, पास झाला का माल? उकंडराव म्हणाले, झाला. रामरावांनी मांडीवर थाप मारली. म्हणाले, पाह्यलं? जवाई गेला अन् माल सुधारला! बाकड्यावर बसलेल्या उत्तमरावांनी मान डोलावली आणि उकंडरावांच्या नजरेचं कौतुक केलं. तिथंच एक वाक्य बोलायचं होतं. खिळा मी हलवला. तीन शब्दांचं काम. उकंडरावांनी तोंड उघडलं, चहा पुढं आला, आणि त्यांनी चहा प्यायला. मंगळवारी कांद्याला पाणी होतं. बुधवारी डोकं दुखलं. गुरुवारी त्यांनी मनाशी ठरवलं की जाऊन म्हणायचं, झालं गेलं विसरा, परत या. मोठेपणाही राहतो आणि खिळ्याचं बोलावंही लागत नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायचा बेत, दुसरं काय! पुष्पाबाई त्यांच्याशी बोलेनाशा झाल्या तेव्हा कुठं शनिवारी त्यांनी बुलढाण्याची एसटी धरली आणि तिथून पुढं उंद्रीला पोचले.

जीवनरावांच्या भावाचं घर शेतातच होतं. जीवनराव बांधावर फावडं घेऊन हरभऱ्याच्या पाण्यासाठी लाइटीची वाट पाहत होते. दाराशी खाट टाकलेली. छायानं भावाला पाणी दिलं, बस म्हणाली नाही. उकंडराव आपलेच बसले. ठरवलेलं वाक्य जिभेवर घोळवत होते, तोवर जीवनरावच येऊन समोर उकिडवे बसले. महिनाभरात माणूस वाळला होता.

"दादा, म्या लय विचार केला," ते खाली पाहत म्हणाले. "बारा वर्षं हे काम केलं, पण चूक माहीच असन. थंडीत हार्डनर कमी पडला असन, नाहीतर हात चुकला असन. चोरी नाही केली, छायाची आण. पण माल माह्या हातून बिघडला. माफ करा."

उकंडरावांच्या तोंडातलं ते वाक्य जागच्या जागी आंबलं. किती सोपं होतं! हो म्हणायचं, पाठीवर हात ठेवायचा, घेऊन जायचं. सगळ्यांचं सगळं जुळत होतं. पण समोरचा माणूस आपल्याच हातांकडं असा बघत होता, जणू ते कोणा दुसऱ्याचे आहेत. ते उकंडरावांना बघवेना.

"तुमचा हात नाही चुकला," ते म्हणाले. "खिळा म्या हलवला होता. फळी बसवतानी. तुमची सगळी पट्टी एकतीसची निघाली."

जीवनरावांनी विचारलं, हे कधी समजलं? उकंडरावांनी खरं सांगितलं, सोमवारी.

"आज शनिवार हाय," जीवनराव म्हणाले. "खिळा कोणाचाही हालते, दादा. त्याचं काही नाही. पण सोमवारपासून आजवर तुम्ही काय मोजत होते?"

छाया दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिनं एवढंच म्हटलं की आमची अब्रू स्टँडवर गेली, ती इथं वावरात परत देऊन काय उपयोग? इथं तर आमच्यावर कोणी संशय घेतलाच नव्हता.

तिचं म्हणणं उकंडरावांना पटलं. त्यांनी तिथंच मोबाइल काढला, रामरावांना फोन लावला आणि दोघांना ऐकू जावा म्हणून स्पीकर चालू करून खाटेवर ठेवला. हाटेलात कोण कोण आहे ते विचारलं. उत्तमराव होते, आणखी पाचसहा जण होते. सगळ्यांना ऐकू दे म्हणाले, आणि एका दमात सांगून टाकलं. चूक माझी, खिळा मी हलवला, मोजणी मी चुकवली. जीवनरावांनी रेझिनच्या थेंबालाही गैर हात लावला नाही. बोलून झाल्यावर छाती हलकी झाली आणि त्यांनी बहिणीकडं पाहिलं.

तिकडून रामराव प्रेमानं म्हणाले, "उकंडराव, देवमाणूस हो तुम्ही. बहिणीचा संसार हाय, आम्हाले समजते. तुम्ही म्हणता तसंच आम्ही बोलू, काळजी नका करू."

मागून उत्तमरावांचा आवाज आला. जवायाचं पाप आपल्या अंगावर घेतलं, याला म्हणतात भाऊ.

उकंडराव फोनवर ओरडले. अरे, मी खरं सांगतो, टेप लावून पाह्यलं, येऊन बघा भिंतीला भोक आहे. पुष्पाबाईची शपथ घेतली, देवाची घेतली. जितकं ते सांगत गेले तितकी तिकडून वाहवा वाढत गेली. कोणीतरी म्हणालं, मन पाहा माणसाचं.

छाया आत निघून गेली. बांधावरच्या मोटरीचा आवाज सुरू झाला, तसे जीवनराव उठले. लाइन आली, म्हणाले, आणि फावडं घेऊन हरभऱ्यात गेले. उकंडराव खाटेवर बसून होते. फोन तसाच चालू होता, आणि हाटेलात नुकत्याच आलेल्या कोणाला तरी रामराव सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगत होते.